उद्याचा दिवस कोणासाठी

घरातले कुत्रे गंभीर आजारी पडले की त्याच्या औषधांची, पथ्याची, नशिबाची आणि पूर्वजन्मीच्या ऋणानुबंधाची पुष्कळ चर्चा होते. पैशांची मात्र होत नाही. डॉक्टरांच्या कागदावरचा शेवटचा आकडा प्रत्येकाने पाहिलेला असतो, पण तो मोठ्याने उच्चारला तर त्या मुक्या जिवाची किंमत केल्यासारखे होईल, या संकोचाने सगळे त्याला वळसा घालून बोलत राहतात. आमच्या बंड्याच्या अखेरच्या हिवाळ्यात आमच्या घरीही काही काळ असेच चालले होते, आणि या न बोलण्याने विचार किती गढूळ होतो हे तेव्हा मी जवळून पाहिले.

बंड्या अर्धा लॅब्रॅडोर होता आणि उरलेला अर्धा बडोद्याच्या कारेलीबागेतल्या कोणत्या गल्लीचा होता हे आम्हांला कधीच कळले नाही. मध्यंतरी एकदा गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने, ज्याला सगळे टिक फीवर म्हणतात, तो अंथरुणाला खिळला होता, परंतु चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिननंतर पुन्हा विश्वामित्रीच्या पुलापर्यंत फिरायला येऊ लागला. वयाची बारा वर्षे उलटल्यावर त्याचे पाण्याचे भांडे सारखे रिकामे होऊ लागले, रात्री त्याला अनेकदा बाहेर न्यावे लागू लागले, मग उलट्या सुरू झाल्या आणि तोंडाला अमोनियासारखा उग्र वास येऊ लागला. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, सहाच्या पुढे होते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार कुत्र्याचे क्रिएटिनिन ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले आणि तिथेच राहिले की मूत्रपिंडाचा जुनाट विकार चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरला जातो. मूत्रपिंड हा अवयव फार सोशिक आहे; साधारण दोन तृतीयांश क्षमता जाईपर्यंत तो लघवी घट्ट करण्याचे काम निभावून नेतो, आणि रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर तीन चतुर्थांशाच्या आसपास क्षमता संपलेली असते. जे गेले ते परत येत नाही, उरलेल्यावर दिवस काढायचे असतात.

बडोद्यातली कुत्री-मांजरे पाळणारी बरीच मंडळी अशा वेळी आणंदचा रस्ता धरतात. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९६४ पासूनचे आहे आणि त्याच्या रुग्णालयात, गाव दुधाचे असल्यामुळे, आमच्यासारख्या शहरी लोकांच्या साखळीला बांधलेल्या लाडक्यांबरोबरच गाई-म्हशींचीही रांग असते. तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका पशुपालकाने डॉक्टरांना विचारलेले प्रश्न माझ्या मनात घर करून राहिले आहेत. खर्च किती येईल, म्हैस पुन्हा उभी राहील का, आणि राहिली तर दूध देईल का, एवढेच त्याने विचारले. त्याच्या आवाजात माया कमी नव्हती. बोलताना तो तिच्या कपाळावरून सारखा हात फिरवत होता. दूध मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, रोज दोन वेळा दूध घालणाऱ्या त्या माणसाला आपला हिशेब लपवण्याचे कारण नव्हते, आणि ऐकणाऱ्या डॉक्टरांनाही त्यात काही निष्ठुर वाटले नाही. आमच्या कुत्र्यांच्या बाबतीत दूध नाही, शेण नाही, राखणही नाममात्रच. त्यामुळे हिशेबाची भाषाच उरत नाही, आणि प्रेम मोजायला खर्च हे एकच माप हाताशी राहते. जो अधिक खर्च करील त्याचे प्रेम अधिक, असा एक न बोललेला नियम तयार होतो आणि त्या नियमाने माणसे कर्जबाजारीसुद्धा होतात.

आमच्यापुढे जे पर्याय मांडले गेले त्यांत अपरिचित असे काही नव्हते. काही दिवस शिरेतून सलाईन देऊन रक्तातले विषारी घटक खाली आणायचे, मग घरी कातडीखाली सलाईन, फॉस्फरस शोषून घेणारे औषध, रक्तदाबाची गोळी, उलटीचे औषध, रक्त वाढवणारी इंजेक्शने आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे महागडे खाद्य असा क्रम चालवायचा. डायलिसिसचीही माहिती मिळाली. चेन्नई आणि लुधियाना इथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठांमध्ये कुत्र्यांसाठी ती सोय आहे, पण तिचा खरा उपयोग लेप्टोस्पायरोसिससारख्या संसर्गाने किंवा एखाद्या विषाने मूत्रपिंड अचानक बंद पडते तेव्हा, ते सावरेपर्यंतचा काळ निभावून नेण्यासाठी होतो. जिथे सावरण्यासारखे काही उरलेले नाही, तिथे डायलिसिस म्हणजे कायमचा मुक्काम. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटांचे मोठे प्राणी रुग्णालय सुरू झाले आहे. मुलाच्या मते निदान तिथे तरी दाखवायला हवे होते. दयामरणाचा उल्लेख मात्र कोणी केला नाही. तो मीच केला, आणि तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला त्यावरून माझ्या लक्षात आले की हा विषय त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवला होता. गुजरातेत, जिथे म्हाताऱ्या जनावरांसाठी पांजरापोळी चालवणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुण्यकर्म आहे, तिथे डॉक्टरांनी हा शब्द आपणहून उच्चारणे सोपे नसावे.

शिरेतल्या सलाईनने आकडा थोडा उतरला आणि आम्ही बंड्याला घेऊन घरी आलो. कातडीखाली सलाईन देणे दिसायला किरकोळ काम आहे. बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत सरकवायची आणि पाणी उतरेपर्यंत त्याला थोपवून धरायचे. खांद्यावर पाण्याचा उंचवटा येतो आणि संध्याकाळपर्यंत तो ओघळत पुढच्या पायापर्यंत उतरतो. माझे यजमान धरत, मी सुई लावत असे. सुरुवातीला बंड्या मुकाट्याने बसे. पुढे बाटलीच्या प्लॅस्टिकचा आवाज झाला की तो हिचक्याच्या, म्हणजे घरातल्या झोपाळ्याच्या, मागे जाऊन भिंतीला तोंड करून उभा राहू लागला, आणि नंतर तर माझी चाहूल लागली तरी तसेच करू लागला. हे सगळे तुझ्याच भल्यासाठी आहे, ही सुई टोचली की उद्या तुला बरे वाटेल, हे त्याला सांगण्याची कोणतीही भाषा आमच्याजवळ नव्हती. माणूस केमोथेरपीचा त्रास सोसतो तेव्हा त्याच्यासमोर मुलीचे लग्न असते, अर्धवट राहिलेले घर असते, निदान बरे होण्याची आशा असते; तो आजचा दिवस देऊन उद्याचा घेतो, आणि हा व्यवहार तो समजून करतो. कुत्र्याच्या वतीने आपण हा व्यवहार करतो तेव्हा आजचा त्रास पुरता त्याचा असतो, आणि उद्याची ओढ, निदान मला दिसते त्याप्रमाणे, आपली असते. याचा अर्थ उपचार करूच नयेत असा मुळीच नाही. टिक फीवरच्या वेळी चार आठवडे गोळ्या घशात कोंबण्याच्या बदल्यात त्याला कित्येक वर्षे मिळाली होती. प्रश्न मोबदल्याचा आहे, आणि तो त्याच्या बाजूने मोजायला हवा.

एका संध्याकाळी यजमानांनी औषधांच्या पावत्यांची वही उघडली आणि महिन्याचा आकडा वाचून दाखवला. तो त्यांच्या पेन्शनच्या निम्म्याहून अधिक होता. सासूबाई समोर बसल्या होत्या, त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जात होती आणि त्याविषयी त्या चकार शब्द काढत नव्हत्या. पाळीव प्राण्यांचा विमा अलीकडे आपल्याकडे मिळतो, परंतु एवढ्या वयाच्या कुत्र्याला नव्याने कोण घेणार. आकडा एकदा खोलीत उच्चारला गेल्यावर मात्र बोलणे विलक्षण सोपे झाले. किती खर्च करता येईल, किती काळ करता येईल आणि त्यातून बंड्याला नेमके काय मिळेल, हे प्रश्न आम्ही पहिल्यांदाच सरळ विचारले. तोपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण खर्चाची धास्ती मनात ठेवून तोंडाने त्याच्या वेदनांविषयी बोलत होता, आणि त्यामुळे कोणाच्या बोलण्यातल्या वेदना खऱ्या आणि कोणाच्या बोलण्यातल्या वेदना म्हणजे पावत्या, हे ओळखता येत नव्हते. पैशाचे कारण कुत्र्याच्या दुःखाच्या नावावर मांडणे हा माझ्या मते पैसे नाहीत असे स्पष्ट सांगण्यापेक्षा पुष्कळ मोठा अप्रामाणिकपणा आहे.

मुलगा पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करत असे. “आई, पैशांची काळजी करू नकोस, मी पाठवतो,” असे तो म्हणे, आणि तो खरोखरच पाठवीत होता. त्याच्या मायेविषयी मला शंका नाही. बंड्याला पिशवीतून घरी आणणारा तोच. पण पडद्यावर दिसणारा बंड्या आवाज ओळखून कान टवकारत असे आणि शेपूट हलवत असे, तेवढेच त्याला दिसे. हिचक्यामागे भिंतीला तोंड करून उभा राहिलेला बंड्या कॉलच्या वेळेत कधी आला नाही. पैसे पाठवणाऱ्याला वाटते की आपण उपचार करतो आहोत, आणि सुई लावणाऱ्याला वाटते की आपण फक्त त्रास देतो आहोत. दोघांचेही खरे असते, म्हणून तर निर्णय एकाच्या हाती राहत नाही.

मग त्याने खाणे सोडले. पोळी नाही, दूधभात नाही, शेजारून येणारा ढोकळाही नाही, ज्यासाठी तो एरवी जाळीच्या दारावर पंजे मारत असे. सासूबाई म्हणाल्या, “त्यानं अन्न सोडलंय, आता त्याला छळू नका.” सासूबाई जुन्या बडोद्याच्या, आणि बडोद्याच्या त्या पिढीतल्या मराठी घरांमध्ये विनोबांची गोष्ट घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगितली जाते. विनोबांचे शालेय शिक्षण याच शहरात झाले, १९१६ साली परीक्षेला म्हणून निघालेला हा मुलगा मुंबईला न जाता काशीला गेला, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. सासूबाईंच्या मनात बंड्याचे उपाशी राहणे या ओळीत जाऊन बसले होते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ते सोयीचे वाटू लागले होते, कारण त्याने स्वतः ठरवले असेल तर आम्हांला काही ठरवायचे उरत नव्हते. डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून हिरड्यांवरचे व्रण दाखवले. रक्तातल्या युरियाने तोंड आले होते आणि मळमळ तर अखंड चालू असणार, असे ते म्हणाले. त्यांनी उलटीवरचे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्याने दुधात कुस्करलेली भाकरी वाटी चाटूनपुसून खाल्ली. विनोबांनी अन्न सोडले होते. बंड्याला ते जात नव्हते. त्या वाटीनंतर मी त्याच्या वागण्यातून इच्छा वाचण्याचे बंद केले. तो लढतो आहे, त्याला जगायचे आहे, तो आपल्यासाठी थांबला आहे, तो निरोप घेतो आहे, ही सगळी वाक्ये मी लोकांकडून ऐकली आहेत, आणि दर वेळी बोलणाऱ्याला जे हवे असते तेच कुत्र्याच्या तोंडी घातलेले असते.

इच्छा कळत नसेल तर निदान अवस्था मोजावी म्हणून आम्ही एक पद्धत वापरून पाहिली. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी ती तयार केली आहे आणि अनेक डॉक्टर ती सुचवतात. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असली तर जगणे सुसह्य समजायचे. आम्ही कालनिर्णयच्या चौकोनांत गुण लिहू लागलो. यजमानांचे गुण माझ्यापेक्षा नेहमी चार-पाचांनी जास्त असत, आणि मजा अशी की जन्मभर हिशेबखात्यात काढलेल्या याच माणसाने त्या बेरजेवर आक्षेप घेतला. ते म्हणाले की श्वास घेताना त्रास होत असेल तर स्वच्छतेचे नऊ गुण त्यात मिळवून काय उपयोग. काही विषयांत नापास झाले की बाकीच्या विषयांचे गुण बघायचेच नसतात. मला ते पटले. आम्ही बेरीज सोडून दिली आणि मळमळ आणि श्वास एवढे दोनच रकाने ठेवले. डिसेंबर संपत आला तेव्हा उलटीचे इंजेक्शन दिवसभर पुरेनासे झाले, आणि रक्त कमी झाल्यामुळे तो चार पावलांत धापा टाकू लागला.

या निर्णयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते त्याच्या सोपेपणाने. माणसाच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली आणि पुढे २०१८ साली जी वाट मोकळी केली, ती जगवणारे उपचार थांबवण्यापुरती आहे, आणि तीही डॉक्टरांच्या मंडळांच्या संमतीने. प्राण घेणारे इंजेक्शन तिथे नाही. कुत्र्यासाठी मात्र एका छापील संमतिपत्रावर मालकाची एक सही पुरते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा क्रूर रीतीने मारण्याला मनाई करतो आणि असह्य यातनेतल्या जनावराला सोडवण्याची तरतूदही करतो, पण माझ्या घरातल्या कुत्र्याचे जगणे पुरेसे वाईट झाले आहे की नाही हे तपासायला कोणतेही मंडळ बसत नाही. एखाद्याने ती सही सुट्टीवर जायचे आहे म्हणून केली तरी कागदावर ती तशीच दिसेल. म्हणूनच मी डॉक्टरांना विनंती केली की त्यांनी मला तुमची मर्जी असे न म्हणता स्वतःचे मत सांगावे. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, “माझा कुत्रा असता तर या आठवड्यात केलं असतं.” एवढे सांगणारा डॉक्टर मिळणे हे मी भाग्य समजते, कारण बहुतेकांना सगळा भार मालकावर ठेवणे सुरक्षित वाटते.

उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, तोंडावर आले होते आणि गच्च्यांवरचा गोंगाट सुरू झाला होता. दरवर्षी त्या दिवसांत सरकारचे करुणा अभियान चालते, मांज्याने कापलेल्या पक्ष्यांवर जागोजागी फुकट उपचार होतात, आणि बेवारशी जनावरांसाठी १९६२ क्रमांकाची रुग्णवाहिका तर बाराही महिने धावते. आमचे डॉक्टर अशाच एका पक्ष्यांच्या शिबिरातून थेट घरी आले. ज्यांच्यापुढे हा प्रसंग आहे त्यांना नेमके काय होते ते माहीत असावे, म्हणून लिहिते. आधी स्नायूत गुंगीचे इंजेक्शन देतात. त्याने जनावर दहा-पंधरा मिनिटांत सैल पडते. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीचे औषध मोठ्या मात्रेत देतात. पेंटोबार्बिटल मिळाले तर तेवढेच पुरते. ते नसेल तर आधी खोल भूल देऊन त्यानंतर हृदय थांबवणारे क्षार देतात, आणि भूल खोल गेल्याशिवाय ते क्षार देणे हे क्रौर्य आहे. त्यामुळे कोणते औषध कोणत्या क्रमाने देणार हे डॉक्टरांना आधी विचारण्यात संकोच करू नये. डोळे मिटत नाहीत. हृदय थांबल्यानंतरही एखाद-दुसरा खोल श्वास घेतल्यासारखे होते, आणि ते जिवंतपणाचे लक्षण नसते हे आधी माहीत नसले तर माणूस कोसळतो. यजमानांनी त्याला नेहमीसारखेच धरले होते. पुढच्या व्यवस्थेविषयी लिहिण्यासारखे फार नाही.

शेजारच्या जैन मासी तेव्हा दार लावून नवकार म्हणत बसल्या होत्या. ढोकळा त्यांच्याच घरून येत असे आणि बंड्यावर त्यांचा जीव होता. आठवडाभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. नंतर आल्या त्या भांडायलाच. त्यांचे म्हणणे असे की जे भोगायचे होते ते आम्ही त्याला भोगू दिले नाही, ते आता पुढच्या जन्मात भोगावे लागेल, आणि जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. मी त्यांना १९२८ सालचे साबरमती आश्रमातले वासरू आठवून दिले. ते वासरू यातनांनी तळमळत होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि गांधींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा करून स्वतःच्या उपस्थितीत त्याला विषाचे इंजेक्शन देववले. त्यावर गुजरातभर गदारोळ उठला, संतापाची पत्रे आली, आणि त्यांनी आपल्या ‘नवजीवन’ साप्ताहिकात लेख लिहून आपली बाजू मांडली. मासींना हे सगळे ठाऊक होते. त्यांच्या सासऱ्यांनाही ते तेव्हा पटले नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या.

त्या लेखाचे दोन भाग आहेत, आणि मला मासींच्या आक्षेपापेक्षा त्या दोन भागांनीच अधिक दिवस छळले. पहिल्या भागात मारणे ही अहिंसा केव्हा ठरू शकते याचा विचार आहे, आणि तिथे वासरू आहे; दुसऱ्या भागात मारणे ही हिंसा केव्हा होते ते आहे, आणि तिथे आश्रमाच्या पिकांची नासाडी करणारी माकडे आहेत. वासराला मारण्यात वासराचे हित होते, माकडांना मारण्यात आपले. ही रेषा स्पष्ट आहे, पण आमच्यासारख्या घरात ती इतक्या सरळ आखता येत नाही. बंड्याची मळमळ थांबेना हे खरे होते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचे पैसे संपत चालले होते हेही तेवढेच खरे होते. पैसे अमाप असते तर मी आणखी महिनाभर ओढले असते का? बहुधा ओढले असते, आणि तो महिना त्याच्यासाठी आधीच्या महिन्यापेक्षा वाईट गेला असता, म्हणजे या एका बाबतीत आमच्या तुटपुंजेपणाने त्याचे भले केले असे म्हणावे लागेल. पण हाच आजार तो तरुण असताना, सावरण्यासारखा असताना झाला असता आणि पैशांअभावी आम्ही हीच सही केली असती, तर ती माकडांच्या बाजूला गेली असती, मग आम्ही तिला कितीही दया म्हटले असते तरी. गांधींचा हेतू शुद्ध होता. आमचा मिश्र होता. मिश्र हेतूने केलेली गोष्ट त्या जनावराच्या दृष्टीने योग्य असू शकते, असे मला वाटते, फक्त त्यात काय काय मिसळले होते हे करणाऱ्याने स्वतःशी मान्य केलेले असावे.

मासींना हे मी सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, “हिसाब तो बधो तमारो ज छे ने, बेन. एनो क्यां छे?” म्हणजे हिशेब तर सगळा तुमचाच आहे, त्याचा कुठे आहे? माझ्या सगळ्या युक्तिवादाला एवढे एकच उत्तर खरे अडते, कारण त्याच्या बाजूने मोजतो असे म्हणत आम्ही जे मोजले तेही आमच्याच वहीत होते. मी त्यांना म्हटले की सलाईन लावत राहण्याचा निर्णयही आमचाच असता, त्यालाही त्याची संमती नव्हती. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्याची तारीख ठरली तेव्हा दवाखान्यात डबा पोचवण्याचे त्यांनी आपणहून अंगावर घेतले, आणि तिथल्या बाकावर डबा उघडता उघडता वाद पुन्हा सुरू केला.